जिन्यावरची कोंबडी

मृणालिनीने कढीला फोडणी दिली आणि छतावरचा स्मोक अलार्म केकाटायला लागला.

"हे घर काय बाप्पा, जरा मोहरी तडतडली की बोंबलतं," ती म्हणाली. "भावजी, तुम्ही इतकी वर्षं इथे जेवलात तरी कसे?"

"सुमी फोडणीच्या आधी मला हाक मारायची," जगन्नाथ म्हणाला. "मी टॉवेल घेऊन उभा राहायचो."

आज टॉवेल त्याच्या मुलाच्या, निहारच्या हातात होता. तो खुर्चीवर चढून अलार्मसमोर टॉवेल हलवत होता आणि त्याची बायको चैत्राली खालून, "डावीकडे रे, अजून डावीकडे," असं सांगत होती. दोघं परवाच बेलव्ह्यूच्या त्यांच्या घरून आली होती. अलार्म थांबला तेव्हा मृणालिनीने वडाभाताचे वडे तळायला घेतले आणि सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं. चैत्रालीला तेवढं ठेवून घेतलं.

भाचीचं केळवण मीच करणार आणि ताईच्याच ओट्यावर करणार, असं तिने नागपूरहून निघायच्या आधी फोनवर बजावलं होतं. वल्लरीचं लग्न पुढच्या शनिवारी होतं. जगन्नाथच्या बायकोला, सुमित्राला, जाऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि त्यानंतरचं घरातलं हे पहिलं कार्य होतं. ओट्यावरचे डबे अजून सुमित्राने लावले तसेच होते. मृणालिनीला हिंग शोधावा लागला नाही. बहिणीने तो कुठे ठेवला असेल तिथे हात घातला आणि तो तिथेच होता.

वरच्या खोलीतून फिडल ऐकू येत होतं.

"वल्लरी कोंबडी वाजवतेय," चैत्राली म्हणाली.

"केळवणात कोंबडी? जेवण शाकाहारी आहे म्हणावं."

चैत्राली हसली. 'द हेन ऑन द स्टेअर्स' ही आयरिश लोकांची नाचाची चाल. या घरात तिला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नसे. सुमित्रा पुण्यात मांडी घालून व्हायोलिन शिकली होती. जगन्नाथच्या नोकरीमुळे परदेशात, अल्फारेटाला आली आणि पहिल्याच हिवाळ्यात तिला लायब्ररीत काही माणसं सापडली. रविवारी दुपारी ती माणसं गोल करून बसायची आणि फिडल, बासरी, जे असेल ते वाजवायची. ऐकायला कोणी नसायचं. याला ते सेशन म्हणत. त्यांनी सुमित्राला एक खुर्ची दिली आणि मिसेस डॉयल नावाच्या बाईंनी ही चाल शिकवली. सुमित्राने घरी येऊन वाजवून दाखवली. जगन्नाथने ऐकलं, सहा मात्रांच्या दादऱ्यात बसते म्हणाला, आणि तबला काढला. त्यानंतर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत रोज संध्याकाळी दोघं वाजवत बसायची. निहार आणि वल्लरी ते ऐकतच मोठी झाली.

मृणालिनीने झारा थांबवला. "ताई असं नव्हती वाजवत."

"मावशी, हळू."

"काहून हळू? फोनवर किती वेळा ऐकलंय मी. सूर तेच आहेत, पण हे काहीतरी वेगळंच वाटतंय. उलटा घातलेला स्वेटर असतो ना, तसं."

"बाबांसमोर नका बोलू एवढं," चैत्राली म्हणाली. "आज ते तबला काढणार आहेत. वल्लरीने खूप मागे लागून कबूल करून घेतलंय."

मृणालिनीने पुढचा वडा तेलात सोडला. पण चैत्राली आपल्या नणंदेच्या बाजूने आहे, हे तिने लक्षात ठेवलं.

*

वल्लरीचा होणारा नवरा प्रथमेश बारा वाजता मिसेस डॉयलना गाडीतून घेऊन आला. त्या आता ऐंशीच्या पुढे होत्या, ड्राइव्ह करत नव्हत्या. पाटाभोवती रांगोळी बघून त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. यावर पाय पडला तर काय होतं, असं त्यांनी विचारलं.

"मावशी ओरडतात," प्रथमेश म्हणाला.

"जावईबापू, आधी बसा," मृणालिनी म्हणाली. "तुम्ही नागपूरचे ना? मग वडाभात तुमच्यासाठी. बाकीचे पुणेरी, त्यांना वरणभात चालतो."

"मावशी, मी काय म्हणतो, लग्नानंतर तुम्ही इकडेच राहा ना यार."

"यार म्हणतो मला," मृणालिनी खूश होऊन म्हणाली आणि त्याच्या भातावर आणखी फोडणीचं तेल घातलं.

वल्लरी खुशीत होती. महिरप तिच्या ताटाभोवती काढली होती. समोर बाबा बसले होते. त्यांनी कितीतरी महिन्यांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता. ती त्यांच्याकडे बघत होती आणि मनात एकच गोष्ट घोळत होती. रिसेप्शनला स्टेट कॉलेज गावातले तिचे मित्र आयरिश नाच करणार होते. ती आणि प्रथमेश तिथे शिकत असताना या नाचाच्या क्लासमध्येच भेटले. क्लास फुकट होता आणि नंतर पिझ्झा मिळायचा, म्हणून प्रथमेश गेला होता. आता तो चांगला नाचायचा. तर रिसेप्शनला प्रथमेश नाचणार, ती कोंबडी वाजवणार आणि बाबा तबल्यावर बसणार. आई गेल्यापासून बाबांनी तबल्याची खोळ काढली नव्हती. बाबा बसले नाहीत तर लग्नात फिडल केसमधून बाहेर काढायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं. हे फक्त प्रथमेशला माहीत होतं.

"पोळी घे अजून," बाबा म्हणाले. "मग बघू तुझी कोंबडी."

"म्हणजे नक्की?"

"खोळ तर काढू."

*

जेवणं झाल्यावर निहार आणि प्रथमेशने सोफा भिंतीला लावला. जगन्नाथ गालिच्यावर बसला. त्याने खोळ काढली, बोटाने शाईवर टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं.

"उतरलाय. सूर दे, पांढरी दोन."

वल्लरीने तार छेडली. तो हातोडीने गट्ट्यांवर ठोकत बसला.  मिसेस डॉयल श्रीखंडाची वाटी घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांनी चमचा खाली ठेवला.

"चल," तो म्हणाला.

वल्लरीने सुरुवात केली. पहिल्या सुरावर जगन्नाथचा धा पडला, जसा नेहमी पडायचा. हात जड झाले होते, पण ठेका येत होता. प्रथमेशने दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला स्वतःच्याच पायात अडकून सोफ्यावर बसला.

निहार मोठ्याने हसला. "वडाभात जास्त झाला."

"परत," वल्लरी म्हणाली.

परत तेच. या वेळी प्रथमेश चैत्रालीच्या अंगावर गेला.

"वल्लरी, तू उशिरा येतेयस," जगन्नाथ म्हणाला.

"बाबा, तुम्ही लवकर येताय."

"मी? मी इतकी वर्षं इथेच येतोय."

"बघा, मी सांगते." वल्लरीने गज खाली घेतला. "तो पहिला सूर आहे ना, तो सम नाही. तो पाय उचलायचा सूर आहे. नाचणारा त्यावर पाय उचलतो आणि पुढच्या सुरावर टाकतो. सम तिथे आहे, दुसऱ्यावर. तुम्ही पाय उचलतानाच धा देता. मग त्याला कळत नाही, पाय टाकायचा कधी."

"सुमी पहिल्यावरच धरायची."

"हो."

"मग?"

वल्लरीने उत्तर द्यायला नको होतं. तिलाही ते तेव्हाच कळलं, पण शब्द निघून गेले होते. "बाबा, आई चुकीच्या ठिकाणी सम धरायची. मी स्टेट कॉलेजला पहिल्यांदा वाजवलं तेव्हा आठच्या आठ माणसं अडखळली. मी तिथे जाऊन परत शिकले. आईला कधी सांगितलं नाही."

जगन्नाथने हात डग्ग्यावरून काढून मांडीवर ठेवले.

"तुमच्या पद्धतीने वाजव मग," तो म्हणाला. आवाज साधाच होता. "तिथे तबला लागत नाही. मी खुर्चीवर बसून ऐकेन." तो उठला आणि जाळीचं दार सरकवून डेकवर गेला.

*

दार पूर्ण लागलं नव्हतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"घातलंस ना पाणी?" मृणालिनी म्हणाली. "माणूस एवढ्या दिवसांनी बसला होता!"

"मावशी, मला पण कळतंय ते."

"काय कळतंय? आईची चाल आहे, आईसारखी वाजव. नाचणाऱ्यांना सांग, तुमचं तुम्ही बघा."

"नाच आहे तो मावशी. माणसं पडतील!"

"पडू दे. लग्नात कोणी ना कोणी पडतंच."

"मी काय म्हणतो," निहार म्हणाला. फोन आधीच त्याच्या हातात होता. "आईचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. बाबांचा तबला पण आहे त्यात. स्पीकरवर तेच लावू. मागे फोटोंचा स्लाइड शो. कोणाचं भांडण नाही."

"छान," चैत्राली म्हणाली. "आणि वल्लरी नवरीच्या साडीत उभी राहून काय करणार, फोन धरणार?"

"तू माझी बायको आहेस की तिची वकील?"

"आज वकील."

"निहार बरोबर बोलतोय," मृणालिनी म्हणाली. "निदान ताईचा हात तरी ऐकू येईल."

"आत्ता तर म्हणालात, माणसं पडू दे," वल्लरी म्हणाली. "आणि आता स्पीकर?"

प्रथमेश एवढा वेळ सोफ्यावर पाय चोळत होता. त्याने घसा साफ केला. "वल्लरी, ऐक ना. नाच कॅन्सल करू. मी मुलांना मेसेज करतो. तू काकांबरोबर काकूंसारखं वाजव. मला नाचलंच पाहिजे असं नाही."

त्याला वाटलं होतं, ती खूश होईल. ती त्याच्याकडे वळली तेव्हा त्याला कळलं, की आपण आत्ता तिच्या बाजूने बोललो नाही.

"तू पण?" ती म्हणाली. "तुला नाचताना बघायला मी वाजवणार आहे. तूच नाचणार नसलास तर मी कोणासाठी वाजवू? मावशीसाठी?"

"माझं काय वाईट आहे?" मृणालिनी म्हणाली.

मिसेस डॉयलनी प्रथमेशच्या बाहीला हात लावला. "काय म्हणतायत सगळे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"चर्चा चालू आहे," प्रथमेशनेही इंग्रजीत सांगितलं.

"मुला, मी सात भावंडांत वाढले. याला चर्चा म्हणत नाहीत."

मग त्याने सांगितलं. जमेल तेवढं सौम्य करून सांगितलं. सुमित्राकाकू पहिल्या सुरावर जोर द्यायच्या, सेशनमध्ये पुढच्या सुरावर देतात, काकांना वाईट वाटलंय. मिसेस डॉयल ऐकत होत्या. हळूहळू त्यांचे खांदे हसण्याने हलायला लागले, आणि मग त्या इतक्या हसल्या, की चैत्रालीने त्यांच्या हातातली श्रीखंडाची वाटी काढून घेतली.

"सुमित्रा?" त्या म्हणाल्या. "सुमित्राला दुसऱ्या रविवारपासून नीट येत होतं. आमच्यात बसून ती आमच्यासारखीच वाजवायची. जोर अगदी जिथे हवा तिथे."

वल्लरी पुढे आली. "मग घरी?"

"मी विचारलं होतं तिला. तुझ्या मुलीला तू दुसरंच कसं शिकवतेस म्हणून. ती जगन्नाथबद्दल म्हणाली, माझा जॅग आधी येतो. पहिल्या दिवशी मी वाजवलं आणि तो पहिल्याच सुरावर धाडकन आला. इतका खूश होता की मी म्हटलं, येऊ दे. घरी आमची कोंबडी अशीच जिना चढते."

प्रथमेश भाषांतर करायला वळला, पण गरज नव्हती. सगळ्यांना इंग्रजी येत होतं. मृणालिनीलाही.

"थांबा," मृणालिनी म्हणाली. "म्हणजे इतकी वर्षं चूक भावजींची, आणि आमची ताई गप्प बसली?"

तिने कमरेवर हात ठेवले.

"आमची ताई? गप्प? मी पोळी जाड लाटली तर ती मला पुण्याहून फोन करून बोलायची!"

निहारला पहिल्यांदा हसू फुटलं. मग चैत्रालीला. वल्लरीने तोंडावर हात ठेवला, पण तिचे डोळे भरून आले होते. खोलीत जो तो हसत होता तेव्हा जाळीचं दार सरकलं.

*

जगन्नाथने सगळं ऐकलं होतं. डेकच्या कठड्याला धरून तो उभा होता आणि बागेतल्या नळाकडे बघत होता, तेव्हा मिसेस डॉयलचं बोलणं त्याच्या कानावर आलं. आधी त्याला लाज वाटली. मग सुमित्राचा चेहरा आठवला. वाजवताना ती त्याच्याकडे बघून ओठ दाबून हसायची. त्याला वाटायचं, आपला हात तिला आवडतो. हात आवडत असेलही. पण ते हसू त्याच्या चुकीचं होतं.

"चुकत होतो तर मी," तो आत येऊन म्हणाला.

"भावजी, तुम्ही एकटेच नाही," मृणालिनी घाईने म्हणाली. सकाळपासून ती ज्यांच्या बाजूने भांडत होती त्यांनाच आता कोणी बोललेलं तिला चालणार नव्हतं. "ताईने सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर मी वाजवणं बंद केलं असतं," तो म्हणाला. "तापट होतो तेव्हा."

"होता?" निहार म्हणाला.

जगन्नाथने त्याच्या टाळक्यात हलकेच टपली मारली आणि मिसेस डॉयलजवळ खुर्ची ओढून इंग्रजीत विचारलं. "खरी कोंबडी कोणती? तुमचीच ना?"

"खरी कुठली आलीय," मिसेस डॉयल म्हणाल्या. "माझ्या आईच्या गावात या चालीचे तीन भाग वाजवत. ओढ्यापलीकडच्या गावात दोनच. माझा मामा शेवटचा सूर गाळायचा, कारण त्याला तिथे बिअरचा घोट घ्यायचा असायचा. त्याचे विद्यार्थी अजून तो सूर गाळतात, न पिता. कोणाची खरी यावरून लग्नांत भांडणं व्हायची. तुमच्यासारखीच, फक्त बटाटे जास्त असायचे."

"पण नाचताना पाय पडायला हवा," वल्लरी म्हणाली. ती बाबांच्या समोर गालिच्यावर येऊन बसली. "सॉरी बाबा. मी असं बोलायला नको होतं."

"सॉरी कशाला? तू म्हणालीस ते खरंच होतं. फक्त माणूस चुकलीस, चूक माझी होती." तो तबल्याकडे बघत होता. "आता मला तुमच्या ठिकाणी सम धरता येईल की नाही, हे सांगता येत नाही. हात ऐकणार नाही."

"मग धरू नका," प्रथमेशने भाषांतर केल्यावर मिसेस डॉयल म्हणाल्या. "नाच लगेच सुरू होत नाही, माहीत आहे ना? पहिला भाग नुसता वाजतो. नाचणारे हात धरून, उजवा पाय पुढे करून उभे असतात आणि ऐकतात. तो भाग कसाही वाजवा. त्यात कोणी पडत नाही."

प्रथमेशने वल्लरीकडे बघितलं. "करेक्ट! तिथे काकूंची कोंबडी. मग आपली."

"आणि मधे?" वल्लरी म्हणाली. "मधे सम बदलायची कशी? थांबून परत सुरू केलं तर ते दोन वेगळे तुकडे होतील."

 मिसेस डॉयलना यात काही सुचवता येईना, त्यांच्याकडे सम नावाची वस्तूच नव्हती.

"वाजवून बघू," जगन्नाथ म्हणाला.

नाचायला निदान चौघं हवी होती. प्रथमेश आणि चैत्राली एक जोडी. निहारने मावशीचा हात धरला.

"मी? नऊवारी नाही नेसले ते बरं झालं," मृणालिनी म्हणाली. पण ती उभी राहिली, पदर खोचला आणि प्रथमेशसारखा पाय पुढे केला.

वल्लरीने वाजवायला घेतलं. तिने आईसारखा पहिल्या सुरावर जोर दिला आणि जगन्नाथचा धा तिथेच पडला. कितीतरी वर्षांनी तिने असं वाजवलं. गज त्या जागी आपोआप जड झाला. चौघं उभी होती. भाग संपत आला तसा जगन्नाथ पुढे काय करायचं याचा विचार करायला लागला, आणि विचार केल्यामुळे चुकला. धा धी ना, धा ती ना असं संपवून सरळ पुन्हा धा द्यायचा, तिथे त्याने मधे एक ना जास्त मारला. सातवा. पुढचा धा एक सूर उशिरा पडला. वल्लरी वाजवतच होती, तिचा एकही सूर बदलला नाही. पण प्रथमेशचा पाय खाली आला तो बरोब्बर धा वर आला. तो तीन पावलं नाचला आणि थांबला.

"काका! काय केलंत?"

"चुकलो."

"परत चुका!"

"असं कसं परत चुकू? कळलं नाही मला."

"एक मात्रा जास्त घेतलीत," वल्लरी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "बाबा, सहाची सात केलीत. म्हणून सम दुसऱ्या सुरावर गेली. मला काही करावंच लागलं नाही. तुम्हीच आम्हाला तिथे नेऊन सोडलंत."

पुढच्या वेळी जगन्नाथने मुद्दाम चुकायचा प्रयत्न केला आणि बरोबर वाजवलं. त्याच्या पुढच्या वेळी दोन मात्रा जास्त झाल्या आणि निहार मावशीच्या पायावर चढला. मृणालिनीने त्याला त्याच्या लहानपणीच्या नावाने हाक मारून जे सुनावलं, ते चैत्राली पहिल्यांदाच ऐकत होती. ती खाली बसून हसायला लागली. मिसेस डॉयल म्हणाल्या, त्यांच्या गावात एवढ्यात एक घर जळालं असतं.

"शेवटचं," जगन्नाथ म्हणाला. "या वेळी येईल."

वल्लरीने फिडल हनुवटीखाली घेतलं. पहिल्या सुरावर धा पडला. चौघं हात धरून उभी राहिली. खोलीत दुपारचं ऊन आलं होतं आणि फोडणीचा वास अजून होता. जगन्नाथ खाली बघून वाजवत होता. आता हात मोकळा झाला होता. सुमीच्या वेळचा ठेका, सुमीच्या वेळची जागा. कुकरची शिट्टी तेवढी नव्हती.

भाग संपत आला. इथे ती मात्रा घ्यायची होती.

त्याने घेतली नाही. तो सरळ पुन्हा पहिल्या सुरावर आला. मिनिटभर तरी असंच वाजवत राहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

वल्लरीने वर बघितलं. तिने गज थांबवला नाही. तोच भाग पुन्हा सुरू केला, आईसारखाच. प्रथमेशचा उजवा पाय पुढे होता, तो तसाच राहिला. मृणालिनीने बोलायला तोंड उघडलं. चैत्रालीने तिचा हात दाबला आणि मृणालिनीने तोंड मिटलं. मिसेस डॉयलनी डोळे मिटले होते.

दुसऱ्यांदा भाग संपत आला, तेव्हा वल्लरी बाबांकडे बघत होती. हवं असेल तर ती आणखी कितीही वेळ वाजवणार होती आणि पुढच्या शनिवारी सगळ्या पाहुण्यांसमोरही वाजवणार होती. हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. चार माणसं पाय पुढे करून त्याच्यासाठी उभी होती, तेही दिसलं.

जगन्नाथने मान हलवली आणि ती एक मात्रा वाजवली. चौघांचे पाय एकदम जमिनीवर आले.